बटण बंद होतं

पोकुआ : तिसऱ्यांदा सांगतेय, मामा. मशीन न्यायला आलेय. तुमची लाकूड कापायची कटर मशीन. माझ्या सारपोंगची बोटं जिच्यात गेली ती.

बेडियाको : पहिल्यांदाच ऐकलं मी. आधी पाणी तर पी.

पोकुआ : दोन ग्लास प्याले. आता पोटात पाण्याशिवाय काही नाही.

बेडियाको : मग खाऊन घे काहीतरी. समोरच्या बाईचं मक्याचं केंके आत्ताच उतरलंय चुलीवरनं...

पोकुआ : मामा.

बेडियाको : बरं. पण कशाला हवी तुला मशीन? तू शिवणकाम करणारी बाई. ओडुमच्या फळ्यांचे ब्लाउज शिवणारेस का?

पोकुआ : पास्टरनं मागितलीय. प्रार्थनेच्या माळावर नेऊन तिच्यावर तेल ओतणार, सात दिवस मातीत पुरून ठेवणार. म्हणजे तिच्यात जे काय शिरलंय ते निघेल, असं म्हणतो.

बेडियाको : तेल? मशीनच्या आत? अगं कॉइल जळेल तिची!

पोकुआ : ते पास्टरला सांगा. मी फक्त न्यायला आलेय.

बेडियाको : आणि मी सात दिवस काय करू? लाईट नाही सकाळपासून. हातकरवतीनं चाललंय बघ. ओडुमचं लाकूड आहे हे, दगड परवडला. खांदा निघून हातात यायचा बाकी आहे. हे दार ज्याचं आहे त्याच्या मुलीचं लग्न आहे शनिवारी. म्हणतो, नवं दार बसल्याशिवाय वऱ्हाड आत घेणार नाही. म्हणजे पोरीचं लग्न माझ्यामुळे अडलेलं.

पोकुआ : सगळ्यांच्या घरी काही ना काही अडलेलंच आहे, मामा. माझ्याकडे बारा बायकांचे मयतीचे काळे कपडे पडलेत. रात्री त्याचं बँडेज बदलते, सकाळी धुते, उकळते, वाळत घालते. कालपासून त्यातलं पिवळं जातच नाहीये. बसल्या जागी डोळा लागतो माझा. सुई टोचली की जाग येते.

बेडियाको : कसा आहे तो?

पोकुआ : कसा असणार? उजव्या हाताची तीन बोटं गेलेला सुतार जसा असतो तसा. भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो. येऊन बघा ना. पाच आठवड्यांत दोनदा आलात. दोन्ही वेळा दारातूनच.

बेडियाको : माझ्या बहिणीचा मुलगा आहे तो. हे दुकान, ही अवजारं, आपल्या रीतीनं माझ्यामागे सगळं भाच्याचंच, म्हणजे त्याचंच आहे. मी त्याला त्या अवस्थेत बघू शकत नाही, पोरी. खरंच नाही बघवत.

पोकुआ : आज बघावं लागेल. चारला बैठक आहे घराण्याची. मधल्या खुर्चीत तुम्हीच बसणार.

बेडियाको : माहीत आहे.

पोकुआ : कोनाडू मावशीनं घरात राहायचं की नाही, हे तुम्हीच सांगायचंय.

बेडियाको : माहीत आहे म्हटलं ना! माझी सख्खी थोरली बहीण आहे ती. तू नको सांगूस मला.

पोकुआ : मी काहीच म्हणत नाहीये. पास्टर म्हणाला, त्याचा हात खाणारी चेटकीण बाहेरची नाही. एकाच चुलीवरची आहे, वयानं म्हातारी आहे. आमच्या चुलीवर म्हातारी बाई एकच.

बेडियाको : तुझ्या नवऱ्याला दोन वर्षांचा असल्यापासून वाढवलंय तिनं. त्याची आई गेली तेव्हा अक्काच उभी राहिली.

पोकुआ : म्हणूनच तर. लोक म्हणतात, जवळचीच खाते, लांबची कशाला खाईल? अकरा दिवस झाले, तो तिच्या हातचं खात नाही. रोज शेंगदाण्याचं सूप करून दाराशी ठेवते. त्याच्या आवडीचं, मिरची कमी घातलेलं. रोज तसंच परत नेते. आता तर झाकण उघडूनही बघत नाही, किती उरलंय म्हणून.

बेडियाको : तुला पटतं का हे? खरं सांग.

पोकुआ : मला झोप हवीय, मामा. काय पटतं आणि काय नाही, हे ठरवायला डोकं जाग्यावर लागतं. मला एवढंच कळतं की बंद मशीन आपोआप सुरू होत नाही. आणि मशीन बंद होती हे कोणी सांगितलं? तुम्ही. दवाखान्याच्या पायरीवर सगळ्यांसमोर सांगितलंत. "बटण बंद होतं, मी माझ्या हातानं बंद केलं होतं." मग कोणी सुरू केली? तिथे तर कोणीच नव्हतं. तुमच्या त्या वाक्यावरच पास्टर उभा आहे.

बेडियाको : ...ती बघ. फळ्यांच्या मागे ठेवलीय. ने.

पोकुआ : जड आहे की.

बेडियाको : खालून धर. पात्याकडे हात नको. लाईट नाही म्हणून काय झालं.

पोकुआ : हे काय बांधलंय?

बेडियाको : कुठे?

पोकुआ : हे. मुठीवर. सायकलच्या ट्यूबची पट्टी दिसतेय. करकचून आवळलीय.

बेडियाको : ते होय... काही नाही. सगळेच बांधतात. बटण सतत दाबून धरावं लागतं, पोरी. लांब फळी कापायची तर बोट आखडतं. माझ्या वयाला तर सुटता सुटत नाही. पट्टी बांधली की बटण दबलेलं राहतं, हात मोकळा होतो. या गल्लीत कोणाचीही मशीन उचल, पट्टी सापडेलच.

पोकुआ : दबलेलं राहतं म्हणजे चालूच राहतं.

बेडियाको : हो. म्हणजे काम चाललेलं असताना.

पोकुआ : आणि मध्येच लाईट गेली तर?

बेडियाको : गेली तर थांबते. वीज नसेल तर चालेल कशी?

पोकुआ : थांबते, पण बटण दबलेलंच.

बेडियाको : तू मशीन नेतेस ना? ने मग. ऊन वाढतंय.

पोकुआ : थांबा जरा. मी ज्या बाईकडे शिवण शिकले, तिनं सुई हातात देण्याआधी मला एकच गोष्ट शिकवली होती. लाईट गेली की आधी इस्त्रीची पिन काढायची. मग घाम पुसा, गप्पा मारा, जेवायला जा. कारण इस्त्री थंड पडली की ती चालू होती हे माणूस विसरतो. तिच्या आधीच्या दुकानात तसंच झालेलं. सगळ्या जेवायला गेल्या आणि मागे लाईट आली. नवरीच्या कपड्यांसकट दुकान जळालं. मामा, त्या दिवशी लाईट गेली होती का?

बेडियाको : रोजच जाते.

पोकुआ : त्या दिवशी?

बेडियाको : ...गेली होती.

पोकुआ : आणि पट्टी?

बेडियाको : पोकुआ, तू लहान आहेस. तुला या कामातलं कळत नाही.

पोकुआ : मी छत्तीस वर्षांची आहे आणि तुमच्या भाच्याच्या तीन बोटांना रोज औषध लावते. म्हणजे, जिथे ती होती तिथे. माझ्याकडे बघून सांगा. पट्टी होती का?

बेडियाको : होती.

पोकुआ : बसते मी जरा.

बेडियाको : त्या फळीवर नको, खिळे आहेत. इकडे बस... मी कापत होतो. निम्म्यावर आलो आणि लाईट गेली. वैताग आला. मशीन तशीच फळीवर ठेवली आणि समोर जाऊन बसलो. पिन बोर्डातच होती. पात्यावरचं गार्ड पण मी खिळा ठोकून वर अडकवून ठेवलेलं होतं, डिंक लागून ते सारखं अडकायचं. पाऊण तास गेला. केंके खाल्लं, फुटबॉलवरून भांडलो. डोक्यातून पार गेलं सगळं. सारपोंग बाहेरून आला. फळी मध्ये आलेली दिसली म्हणून सरकवायला गेला. मशीन थंड, आवाज नाही. त्याला काय वाटणार? आणि लाईट आली.

पोकुआ : देवा.

बेडियाको : लाईट आली की सगळी गल्ली कशी ओरडते, तुला माहीत आहे. त्या दिवशी पण ओरडली. त्या ओरडण्यात तोही ओरडत होता आणि मला ऐकू आलं नाही. मी पण ओरडत होतो, पोरी. हात वर करून. लाईट आली म्हणून.

पोकुआ : आणि मग तुम्ही म्हणालात, बटण बंद होतं.

बेडियाको : त्याला टॅक्सीत घालायच्या आधी पट्टी कापली मी. रक्तातच. आधी पट्टी कापली, मग त्याला उचललं. का, ते मला विचारू नकोस. हात आपोआप तिकडे गेला. मग दवाखान्यात सगळे विचारायला लागले, कसं झालं, कसं झालं, आणि तोंडातून ते वाक्य गेलं. मला वाटलं, लोक फार तर लाईटवाल्यांना शिव्या देतील आणि विसरतील. अक्कावर येईल असं स्वप्नातही नव्हतं.

पोकुआ : आणि आल्यावर? पास्टरनं तिच्याकडे बोट दाखवलं त्याला आज अकरा दिवस झाले.

बेडियाको : रोज ठरवतो, आज सांगायचं.

पोकुआ : सारपोंगला माहीत नव्हतं तुम्ही पट्टी बांधता ते?

बेडियाको : माहीत होतं. गल्लीलाच माहीत आहे.

पोकुआ : मीच विचारलं होतं त्याला, मशीन चालूच राहिली नसेल ना म्हणून. तर अंगावर आला माझ्या. म्हणाला, मामानं बंद होती म्हटलं म्हणजे बंदच होती. स्वतःच्या डोक्यापेक्षा तुमच्यावर विश्वास ठेवला त्यानं. आणि ही जी पट्टी आत्ता आहे, ही कधीची? ती तर तुम्ही कापली होतीत.

बेडियाको : ही नवी.

पोकुआ : नवी!

बेडियाको : पंधरा दिवस बोटानं दाबून काम केलं. खिळा काढला, गार्ड साफ केलं. देवाशपथ केलं. मग एक दिवस बोट वळलं ते सरळच होईना. म्हटलं, आजच्या दिवस बांधू. तेव्हापासून आहे. बघ, माझ्या पायात काय आहे? चपला. डोळ्यांवर? काही नाही. चष्मा फक्त चर्चला जाताना घालतो. चाळीस वर्षं झाली आणि मला सगळं माहीत आहे. दुसऱ्यांना शिकवतोही मी. स्वतः करायची वेळ आली की थकलेला असतो.

पोकुआ : मला तुमचा इतका राग आलाय, मामा, आणि ओरडायला अंगात जीव नाही. चारला सांगाल?

बेडियाको : चारला? मधल्या खुर्चीत बसून? नऊ घरांसमोर? घराण्याचा प्रमुख आहे मी. माझ्या तोंडून निघालं ते खरं, या एका गोष्टीवर ती खुर्ची आहे. उद्या जमिनीची भांडणं घेऊन कोण येईल माझ्याकडे? शिकायला पोरगं कोण पाठवील? आणि सारपोंग... तो माझ्याकडे कसा बघेल?

पोकुआ : निदान भिंतीकडे तोंड करून पडणार नाही. शिव्या द्यायला का होईना, उठून तर बसेल.

बेडियाको : तू सांग त्याला. तुझ्या तोंडून...

पोकुआ : नाही. अजिबात नाही. सून आहे मी, परक्या घरची. मी बोलले तर म्हणतील, म्हातारीनं हिलाही फूस लावली. तुमचं वाक्य तुम्हीच मागे घ्यायचं. दुसऱ्या कोणाला ते घेताच येणार नाही.

बेडियाको : मला थोडा वेळ दे. या रविवारी...

पोकुआ : रविवारी मावशी इथे नसेल. कोण येतंय ते बघा जरा. तीच ना ती?

(कोनाडू येते. डोक्यावर कापडात बांधलेलं गाठोडं, हातात चपला.)

कोनाडू : कोण, पोकुआ का गं? तू पण इथेच? बरं झालं. मला वाटलं, तुला न भेटताच जावं लागणार.

बेडियाको : अक्का! हे काय? गाठोडं कसलं?

कोनाडू : आधी बसायला दे रे. पाणी दे. रीत विसरलास का? गाठोडं उतरव पोरी, मान मोडली माझी. चपलेचा अंगठा तुटला वाटेत.

बेडियाको : घे पाणी. आता सांग, कशी आलीस? घरी सगळं बरं?

कोनाडू : घरी सगळं बरं आहे. मी गावी जातेय. आईच्या घराची एक खोली उभी आहे अजून. छप्पर गळतं, पण मला कितीशी जागा लागते? दुपारची गाडी भरली की निघेल. बैठकीच्या आधीच गेलेलं बरं. तुला मला जा म्हणावं लागायचं नाही, आणि मला ते ऐकावं लागायचं नाही.

बेडियाको : तुला कोण जा म्हणतंय?

कोनाडू : कोणी नाही रे. म्हणायची वाट कशाला बघायची? आणि बेडियाको, मला एक विचारायचंय तुला. म्हणून तर वाट वाकडी करून आले. दुसऱ्या कोणाला विचारता येत नाही.

बेडियाको : विचार.

कोनाडू : बाईला नकळत होतं का हे? म्हणजे बाई झोपलेली असताना तिच्या आतलं काहीतरी उठून जातं आणि तिला कळतही नाही, असं होतं का?

पोकुआ : मावशी, काय बोलताय तुम्ही?

कोनाडू : बोलू दे गं. त्या दिवशी सकाळी मी चिडले होते त्याच्यावर. पहाटे उठून त्याच्या न्याहारीला कंदांचं फुफू कुटलं, आणि तो न खाता निघाला. म्हणाला, उशीर झालाय. मी मनात म्हटलं, जा, उपाशीच काम कर, मग कळेल. म्हटलं होतं मी असं. खोटं कशाला सांगू? आता रात्रभर तेच आठवतं. मी म्हटलं, आणि त्याच दिवशी झालं. पास्टर म्हणतो, तुझ्या आत आहे ते. पहिले चार दिवस मी भांडले. मग वाटायला लागलं, असेलही. काल त्याच्या दाराशी सूप ठेवताना माझ्याच हाताची भीती वाटली मला. म्हटलं, खाल्लं नाही तेच बरं झालं.

पोकुआ : मामा.

कोनाडू : तू का रडतेस? रडू नको. त्याचं बँडेज कोण बदलणार मग? बेडियाको, तू तरी सांग. तू इतक्या लोकांचे निवाडे करतोस. होतं का असं?

बेडियाको : अक्का, ही मशीन बघ.

कोनाडू : नको रे. मी नाही हात लावत तिला.

बेडियाको : लाव हात. लाव म्हणतो ना. ही पट्टी दिसते? ही मी बांधली. त्या दिवशीही अशीच होती. बटण बंद नव्हतं. मी दाबून बांधून ठेवलं होतं, लाईट गेली तेव्हा पिन काढली नाही, आणि जाऊन केंके खात बसलो. लाईट आली तेव्हा त्याचा हात तिथे होता. एवढंच झालं. आत काही शिरलेलं नाही. मशीनच्याही नाही आणि तुझ्याही.

कोनाडू : पण तू तर म्हणालास...

बेडियाको : खोटं बोललो.

कोनाडू : दवाखान्यात?

बेडियाको : दवाखान्यात. आणि त्यानंतर रोज, गप्प बसून. तू सूप परत नेत होतीस ते मला माहीत होतं. गाठोडं बांधशील हेही माहीत होतं. तुला जाऊ दिलं असतं मी, अक्का. पोकुआला विचार. आत्ता, तू यायच्या आधीपर्यंत, जाऊच देणार होतो.

कोनाडू : पोकुआ, हा खरं बोलतोय का?

पोकुआ : आत्ता बोलतोय, मावशी.

बेडियाको : चारला सगळ्यांसमोर सांगतो. आधी सारपोंगला सांगतो, आत खोलीत जाऊन. मग खुर्चीत दुसऱ्या कोणाला बसवायचं असेल त्याला बसवा. तू चल माझ्याबरोबर. गाठोडं मी घेतो. उठ अक्का, आत्ता निघालो तर...

कोनाडू : थांब रे. चारचं चारला बघू. आत्ता मला परत एकदा सांग, हळू सांग, की मी नव्हते.